मुंबई–न्यूयॉर्क: अंतर तेच, मग जाताना सोळा तास आणि येताना चौदा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की आई-बाबा पुण्याहून मुंबईला येऊन तिथून न्यूयॉर्कला मुलाकडे जाणार आहेत, एका साइटवर मुंबई–न्यूयॉर्क अंतर १२,५३० किमी दिसतं, दुसरीवर १२,५५०, कुठे ६,७७० मैल तर कुठे ७,८०० मैल, एक साइट म्हणते १४ तास लागतात, पण नॉनस्टॉप बघितलं तर जाताना १६ तासांच्या वर दाखवतंय आणि येताना साडेचौदाच्या आत. मग यातलं खरं काय धरायचं, आणि मधे थांबणारं फ्लाइट घेतलं तर अंतर किती वाढतं?

मी बरीच वर्षं एअरलाइनच्या डिस्पॅचला काम केलंय, म्हणजे विमान सुटायच्या आधी त्याने कुठून जायचं, किती इंधन घ्यायचं, किती वेळ लागेल हा सगळा प्लॅन बनवून कॅप्टनच्या हातात देणारं जे खातं असतं ते. त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या पोटापाण्याचाच आहे, जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी मैलांचा घोळ मिटवू. विमानवाले नॉटिकल मैल वापरतात, १ नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी, आणि अमेरिकेत रस्त्यावर जो मैल असतो तो १.६०९ किमी. ६,७७० हे नॉटिकल, ७,८०० हे साधे मैल, दोन्ही बरोबर, दोन्ही एकच अंतर. आणि १२,५३० की १२,५५० हा जो वीस किमीचा फरक आहे तो एवढ्यासाठी की एक साइट पृथ्वीला चेंडूसारखी गोल धरते आणि दुसरी ती जशी आहे तशी, ध्रुवांकडे किंचित चपटी धरते. (मध्यापासून विषुववृत्तापर्यंत ६,३७८ किमी, ध्रुवापर्यंत ६,३५७.) त्यावर डोकं घालवू नका. काही लोक विचारतात की विमान तर ११ किमी उंचीवरून जातं मग अंतर वाढत नाही का, वाढतं ना, पण सगळं मिळून वीसेक किमी, म्हणजे दीड मिनिटाचा मामला.

हे जे साडेबारा हजार किमी आहे ते ग्रेट सर्कलचं अंतर, म्हणजे गोलावर दोन ठिकाणांमधली सगळ्यात जवळची रेघ. घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर आणि एक न्यूयॉर्कवर धरून ताणा. दोरा अरबस्तान-आफ्रिकेवरून जाणार नाही, मुंबईहून निघून सिंध, बलुचिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम कोपरा, मग जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून, फिनलंडचा दक्षिण भाग, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचं खालचं टोक आणि मग कॅनडाच्या बाजूने खाली उतरून न्यूयॉर्क, असा जाईल. वर जवळपास ६५ अंश उत्तरेपर्यंत. भिंतीवरच्या सपाट नकाशावर हे बघितलं की वाटतं पायलट वाट चुकलाय की काय, पण उलट आहे, नकाशात उत्तरेकडचे देश ताणून मोठे केलेले असतात म्हणून सरळ रस्ता वाकडा दिसतो.

पण या दोऱ्यावरून विमान नेता येत नाही, किंवा फार क्वचित येतं, आणि तिथेच साइटवाल्यांचे आकडे फसतात. ते काय करतात, साडेबारा हजाराला साधारण ८५०-९०० ने भागतात, वर अर्धा तास मिळवतात, झालं १४ तास. आता तो दोरा कुठकुठून गेला ते परत वाचा. पाकिस्तान. २०१९ मध्ये बालाकोटनंतर फेब्रुवारीअखेरपासून १६ जुलैपर्यंत ते आकाश बंद होतं, आणि पहलगामनंतर २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना परत बंद केलं, मग दर महिन्याला नवीन नोटम काढून मुदत पुढे ढकलत राहिले. (नोटम म्हणजे वैमानिकांसाठी निघणारी अधिकृत सूचना, आमचा दिवसच त्या वाचण्यात जातो.) अफगाणिस्तानात ऑगस्ट २०२१ नंतर वरून जाणाऱ्या विमानांना कंट्रोलर (जमिनीवरून विमानांना वाट दाखवणारा) मिळेनासा झाला, त्यामुळे तिथून जायचं की नाही हा प्रत्येक कंपनीचा आपापला निर्णय. रशिया २०२२ पासून अमेरिकन आणि बहुतेक युरोपियन कंपन्यांना बंद, भारतीय कंपन्यांना चालू. म्हणजे गंमत बघा, त्याच दोन शहरांच्या मधे एका कंपनीला पाकिस्तान बंद आणि रशिया उघडा, दुसऱ्या कंपनीला बरोबर उलटं, तर दोघांचं अंतर सारखं येणारच कसं? मुंबईला त्यातल्या त्यात बरं आहे, समोर समुद्र आहे, निघालं की अरबी समुद्रावरून पश्चिमेला सरकता येतं. दिल्लीवाल्यांना आधी खाली गुजरातपर्यंत यावं लागतं आणि मग वळायचं, त्यामुळे पाकिस्तान बंद झालं की खरी बोंब दिल्लीच्या फ्लाइट्सची होते.

आणि आकाश उघडं असलं तरी फुकट नसतं. प्रत्येक देश आपल्या डोक्यावरून जायचे पैसे घेतो, युरोपात तर विमानाचं वजन आणि कापलेलं अंतर यावर बिल येतं. त्यामुळे कधीकधी दहा मिनिटं लांबचा रस्ता स्वस्त पडतो आणि कॉम्प्युटर तोच निवडतो.

असं सगळं धरून मुंबई–न्यूयॉर्कचा प्रत्यक्ष रूट सहज १३ हजार किमीच्या वर जातो. आता वारा.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या वाऱ्यातच आहे. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर, आपल्यापेक्षा बऱ्याच वरच्या अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक जोरदार पट्टा वाहत असतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो जास्त तापतो (म्हणजे वेग वाढतो, थंडीत तापतो म्हटलं तर लोक हसतात), ताशी दोनशे किमी तर नेहमीचंच, कधी तीनशेच्याही वर. विमान न्यूयॉर्कला जाताना एकूणात पश्चिमेला चाललेलं असतं म्हणजे वारा तोंडावर, येताना पाठीवर. विमानाचा स्वतःचा वेग हा हवेच्या हिशेबात असतो, मोठी जेट विमानं आवाजाच्या वेगाच्या ०.८४-०.८५ पट जातात, त्या उंचीवरच्या थंडीत ते ताशी ८९० किमीच्या आसपास होतं. जमिनीच्या हिशेबात त्यातून वारा वजा करायचा किंवा मिळवायचा.

फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर किआरा नावाचं वादळ होतं तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, एरवी सहा-साडेसहा तास लागतात. जमिनीवरून मोजला तर वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता, लोकांनी लगेच सुपरसॉनिक सुपरसॉनिक म्हणून ओरडायला सुरुवात केली, पण विमान हवेत नेहमीच्याच वेगाने चाललं होतं, हवाच पळत होती.

आमच्या प्लॅनच्या कागदावर वरच्या बाजूला दोन अंतरं शेजारी शेजारी छापलेली असतात, एक जमिनीवरचं आणि एक हवेतलं (म्हणजे त्या वाहत्या हवेच्या हिशेबात विमानाने कापलेलं), आणि त्याच्याजवळ वाऱ्याची सरासरी, तोंडावरचा असेल तर आकड्याआधी एम म्हणजे मायनस, पाठीवरचा असेल तर पी म्हणजे प्लस. नवीन पोरगं कामाला लागलं की पहिल्या आठवड्यात त्याला हेच सांगतो, जमिनीवरचं अंतर बघून वेळ सांगायची नाही, हवेतलं बघ.

समजण्यापुरते गोल आकडे घेऊन हिशेब करतो. जाताना रूट १३,२०० किमी, विमानाचा वेग ८९०, समोरून सरासरी ५५ किमीचा वारा, तर जमिनीवर वेग पडला ८३५, वेळ झाली १५ तास ४८ मिनिटं. तेवढ्या वेळात विमानाने हवेत कापलं सुमारे १४,०७० किमी. येताना रूट थोडा वेगळा, समजा १२,९५० किमी, पाठीवर सरासरी ६५ चा वारा, वेग ९५५, वेळ १३ तास ३४ मिनिटं, आणि हवेत कापलेलं अंतर जेमतेम १२,०७० किमी. बघा, जमिनीवर फरक अडीचशे किमीचा आणि हवेत दोन हजारांचा! इंधन या हवेतल्या अंतराचं जळतं, वेळही त्याचीच लागते. तुम्हाला दिसलेले सोळा आणि साडेचौदा इथून आलेत.

इथे हमखास कोणीतरी लिहितं की पृथ्वी फिरते ना, म्हणून. नाही हो. मुंबईची जमीन पृथ्वीबरोबर ताशी जवळपास १,५८० किमीने पूर्वेला फिरत असते, आणि तिच्याबरोबर हवाही फिरते, त्या हवेतलं विमानही. नाहीतर नुसतं वर जाऊन थांबलं की दोनेक तासात खाली मुंबईच्या जागी अरबस्तान आलं असतं आणि आखातात जायला कोणी तिकिटं काढली नसती. फिरण्याचा संबंध आहे तो वेगळा, पृथ्वी फिरते म्हणून वरचे वारे वळतात आणि जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, तेवढाच.

वाऱ्याचं महत्त्व बघायचं असेल तर दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोसारखं उदाहरण नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने ते फ्लाइट अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. आधीचा रूट १३,९०० किमीच्या आसपास, नवीन १५,३०० किमी, म्हणजे चौदाशे किमी जास्त, आणि तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा दोनेक तास लवकर. कारण पूर्वेला निघाले, वारा सगळा पाठीवर. जाताना एका समुद्रावरून आणि येताना दुसऱ्या समुद्रावरून, अख्ख्या पृथ्वीला फेरी! आता हे सॅन फ्रान्सिस्कोला चालतं कारण ते भारताच्या जवळपास मागच्या बाजूला आहे, पूर्वेकडून जा नाहीतर पश्चिमेकडून. न्यूयॉर्कला असं करून भागणार नाही, पॅसिफिकवरून गेलं तर अख्खी अमेरिका ओलांडावी लागेल.

अटलांटिकवर आणखी एक प्रकार असतो. समुद्रावर रडार पोचत नाही म्हणून तिथे रोजच्या वाऱ्यानुसार आकाशात रस्ते आखतात, कॅनडातलं गँडर आणि अलीकडच्या, ब्रिटन-आयर्लंडच्या बाजूचं शॅनविक ही दोन केंद्रं मिळून ते ठरवतात, दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी वेगळे आणि रात्री पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी वेगळे, दर दिवशी नवीन. त्यामुळे काल आपलं विमान ग्रीनलंडच्या टोकावरून गेलं आणि आज बरंच खालून गेलं तर ॲपवर बघून घाबरायचं काही कारण नाही.

तिकिटावरची वेळ ही उडण्यापासून उतरण्यापर्यंतची नसते, गेट सोडल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतची असते. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते, रात्री एकदीडच्या सुमारास सगळ्या लांबच्या फ्लाइट्सची झुंबड असते तेव्हा पुशबॅक झाल्यावर (विमान गेटपासून मागे ढकललं की) अर्धा तास रांगेत गेला तर नवल नाही. न्यूयॉर्कलाही उतरायची रांग असतेच. हे सगळं धरून आणि गेल्या सीझनमध्ये फ्लाइट्सना खरोखर किती वेळ लागला ते बघून कंपनी वेळ छापते, आणि थोडी उदार हातानेच छापते कारण वेळेवर पोचल्याचं दाखवायचं असतं. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारपासून आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून लागतं, दोन्हीत त्याच फ्लाइटची वेळ वेगळी असू शकते. फ्लाइट उशिरा सुटलं तर "कॅप्टन वर वेग वाढवून वेळ भरून काढेल" असं लोक म्हणतात, त्यात फार दम नाही, ०.८४ चं ०.८६ केलं तरी एवढ्या लांब प्रवासात वीसेक मिनिटं सुटतात आणि इंधन मात्र भसाभस जातं.

इंधनावरून आठवलं, कारण वेळ वाढायचं एक कारण ते पण आहे. ७७७-३०० ईआर सारखं विमान तासाला सात-आठ टन इंधन पितं, आणि जास्तीचं इंधन घेतलं की ते वाहून न्यायलाच परत इंधन लागतं. त्या विमानाची रेंज कागदावर साडेतेरा हजार किमीच्या थोडी वर. आता वर बघा, आपला जातानाचा हवेतला आकडा १४ हजारांच्या पुढे गेला होता. मग काय करायचं? एक तर माल कमी करायचा, काही सीट रिकाम्या ठेवायच्या, नाहीतर मधे कुठेतरी उतरून इंधन भरायचं. पाकिस्तानचं आकाश २०२५ मध्ये बंद झाल्यावर अमेरिकेच्या काही फ्लाइट्स व्हिएन्ना, कोपनहेगनला अशाच थांबायला लागल्या, पॅसेंजरना खाली उतरवत नाहीत, तासदीडतास बसून राहायचं. तिकीट काढताना "नॉनस्टॉप" आणि "डायरेक्ट" हे दोन शब्द वेगळे आहेत एवढं लक्षात ठेवा, डायरेक्ट म्हणजे फ्लाइट नंबर तोच, मधे थांबणार नाही असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही.

आता मधे थांबून जायचं असेल तर. लोकांना वाटतं दुबईहून गेलं म्हणजे फार वळसा. आकडे सांगतो, मुंबई–दुबई १,९३० किमी आणि दुबई–न्यूयॉर्क ११,०२० किमी, एकूण १२,९५०. लंडनमार्गे ७,२०० आणि ५,५५० म्हणजे १२,७५०. फ्रँकफर्टमार्गे ६,५७० आणि ६,२००, तेही पावणेतेरा हजारच. सरळ रेघेपेक्षा दोनशे ते चारशे किमी जास्त, म्हणजे हवेत पंधरा-तीस मिनिटं! ही शहरं त्या दोऱ्यापासून किंवा त्याच्या आसपासच्या रस्त्यापासून फार लांब नाहीतच. वेळ जातो तो जमिनीवर, उतरणं, परत सिक्युरिटी, पुढच्या फ्लाइटची वाट. दोन तासांचा थांबा असेल तर घरच्यांच्या नजरेत १९ तास, सहा तासांचा असेल तर २३.

माझं विचाराल तर सत्तरीच्या आई-बाबांना मी डोळे झाकून नॉनस्टॉप बुक करणार नाही. सोळा तास एका खुर्चीत बसणं हे गुडघ्यांना आणि सुजणाऱ्या पायांना झेपतंच असं नाही, मधे तीन-चार तास थांबून, पाय मोकळे करून, व्हीलचेअर मागवून गेलेले लोक पुष्कळदा जास्त ताजे पोचतात. दीड तासाचं कनेक्शन मात्र घेऊ नका, साइट विकते म्हणून ते जमतं असं नाही. आणि दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर हवेत. आखातमार्गे जात असाल तर त्याची पण एक बाजू आहे, २३ जून २०२५ ला कतारने काही तास आकाश बंद केलं तेव्हा दोह्यामार्गे जाणाऱ्यांचे अख्खे प्रवास विस्कटले, एका तिकिटावर असलेल्यांना निदान पुढचं फ्लाइट द्यायची जबाबदारी कंपनीची होती, स्वतंत्र दोन तिकिटं काढलेले लोक खिशातून भरत बसले.

घड्याळाचा घोळ राहिला. न्यूयॉर्क आपल्या मागे, हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ, कारण ते लोक मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. समजा जुलैमध्ये मुंबईहून रात्री १:३० ला निघालं आणि १६ तास लागले, तर आपल्याकडे संध्याकाळचे ५:३० वाजलेले असतील आणि तिथे त्याच दिवशीचे सकाळचे ८. तिकिटावर १:३० ते ८:०० बघून "साडेसहा तासात अमेरिका" म्हणणारे काका मला भेटलेत. येताना उलटी गोष्ट, तिथून दुपारी १२ ला निघून साडेचौदा तास लागले तर मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारचे १२, म्हणजे कागदावर बरोबर २४ तास. वेळ मोजायची असेल तर दोन्ही वेळा आधी आपल्या घड्याळात आणा आणि मग वजाबाकी करा, किंवा तिकिटावर कुठेतरी बारीक अक्षरात एकूण वेळ लिहिलेला असतो तो बघा.

तुमच्या नियोजनासाठी मुंबईचा टेक-ऑफ धरून मागे या. पुण्याहून एक्स्प्रेसवेने टर्मिनल दोनला साधारण दीडशे किमी, चार तास धरा, पावसाळ्यात घाटात काही झालं तर पाच. विमानतळावर तीन तास आधी, व्हीलचेअर सांगितली असेल तर साडेतीन. म्हणजे रात्री १:३० च्या फ्लाइटला पुण्यातून संध्याकाळी ५-५:३० ला गाडी सुटली पाहिजे, आणि तारीख नीट बघा, रात्री १:३० म्हणजे आदल्या संध्याकाळी घर सोडायचं, एक दिवस उशिरा विमानतळावर आलेलं कुटुंब काउंटरवाले दर सीझनला बघतात. तिकडे मुलाला सांगा की लँडिंगची वेळ ॲपवर बघून लगेच गाडी काढू नको, इमिग्रेशन आणि बॅगा मिळून दीड-दोन तास सहज जातात, व्हीलचेअर असेल तर रांग वेगळी असते पण खुर्ची ढकलणारा माणूस यायची वाट बघावी लागते. आई-बाबांच्या फोनला तिथे रेंज नसेल, तेव्हा बाहेर कुठल्या दाराशी थांबायचं ते इथूनच कागदावर लिहून आईच्या पर्समध्ये ठेवा.